सशाची कुंची

कपडे घातलेली बाहुली लहान मुलाच्या हातात दिली की ते आधी तिचा चेहरा न्याहाळत बसत नाही. ते झग्याचे टोक उचलते आणि आत काय आहे ते पाहते. मोठ्यांना हा चौकसपणा थोडा अवघड वाटतो, पण मुलाचा प्रश्न अगदी सरळ असतो, की हे कपडे निघतात का? निघत असतील तर त्या बाहुलीला आंघोळ घालता येते, निजवता येते, शाळेत धाडता येते आणि वेळ पडल्यास तिचे लग्नही लावता येते. निघत नसतील तर ती जन्मभर एकाच समारंभाला निघालेली राहते, आणि अशा पाहुणीशी खेळून खेळून किती खेळणार?

लोकरीची खेळणी विणणाऱ्यांपैकी पुष्कळजणी या प्रश्नात पडतच नाहीत, कारण त्या कपडे अंगाबरोबरच विणून टाकतात. पायापासून सुरुवात करायची, थोड्या ओळी काळ्या लोकरीने विणल्या की बूट झाले, मग निळी लोकर लावली की विजार, लाल लावली की स्वेटर, नंतर अंगाच्या रंगाचा चेहरा आणि सर्वांत वर टोपी. रंग बदलत गेले की एकाच सलग तुकड्यात सबंध माणूस उभा राहतो. या पद्धतीला कमी लेखण्याचे कारण नाही. कॅनडाच्या सैन्यातील मार्क आइस्फेल्ड हा जवान शांतिसेनेबरोबर पूर्वीच्या युगोस्लाव्हियात होता, आणि त्याची आई कॅरल हिने घरी विणून पाठवलेल्या छोट्या बाहुल्या तो तिथल्या मुलांना वाटत असे. १९९४ मध्ये क्रोएशियात सुरुंगाच्या स्फोटात तो गेला. त्यानंतर कॅनडातील अनेक विणणाऱ्यांनी त्याच बाहुल्या विणायला घेतल्या आणि त्या ‘इझी डॉल’ या नावाने जगभर गेल्या, औषधांच्या खोक्यांतील मोकळ्या जागाही त्यांनी भरल्या. सैनिकाच्या खिशातून निघून अनोळखी मुलाच्या मुठीत जाणाऱ्या बाहुलीला वेगळा कोट आणि वेगळे बूट देऊन चालणार नाही. तिने एकसंधच असायला हवे. पण घरात राहणाऱ्या, रोज त्याच मुलाच्या हाती पडणाऱ्या खेळण्याला मात्र निघणारे कपडे हवेत, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मत अमलात आणायचे ठरवले की काम जवळजवळ दुप्पट होते.

पहिला फरक पडतो तो अंगात. कपडे शिवूनच टाकायचे असतील तर आतील धड उरल्यासुरल्या कोणत्याही लोकरीचे चालते, भरणाच्या गाठी राहिल्या तरी झाकून जातात आणि मान लुळी पडत असेल तर कॉलर तिला धरून ठेवते. कपडे निघणार म्हटले की यातील एकही पळवाट उरत नाही. मानेत भरण घट्ट बसवावे लागते, पाठीवरची शिवण सरळ यावी लागते, आणि पोट, पाठ, बगल हे सगळे एकाच लोकरीने, एकाच हाताने विणल्यासारखे दिसावे लागते. सशाचे किंवा अस्वलाचे त्यात फारसे अडत नाही, कारण कपडे काढले तरी प्राणी आपल्या नैसर्गिक पोशाखात असतोच. माणसाच्या बाहुलीचे तसे नसते, म्हणून तिची पांढरी चड्डी मी अंगाबरोबरच विणते. ती निघत नाही. याबाबत एका छोट्या ग्राहकाने नाराजी नोंदवली होती, पण तेवढा अधिकार मी स्वतःकडे ठेवला आहे.

अंग कशाने विणावे, याविषयी विणणाऱ्यांत दोन तट आहेत. जपानमधून आलेली अमिगुरुमी नावाची पद्धत आता जगभर रुळली आहे आणि तिच्यातील बहुतेक खेळणी क्रोशाच्या एका सुईवर, मुका खांब नावाचा आखूड टाका गोल गोल चढवत केलेली असतात. हे कापड दाट आणि ताठ होते, भरण बाहेर डोकावत नाही, आकारही हवा तसा फुगवता येतो. दोन सुयांवरचे विणकाम त्यामानाने मऊ आणि ताणले जाणारे असते. त्याचे अंग करायचे तर टाके घट्ट ठेवावे लागतात. आपल्याकडे सुयांचे नंबर वाढत गेले की सुई बारीक होत जाते, तेव्हा ज्या लोकरीसाठी एरवी दहा नंबरची, म्हणजे ३.२५ मिलिमीटरची सुई घेतली असती, तिच्यासाठी अंग विणताना बारा नंबरची, २.७५ मिलिमीटरची घ्यायची आणि कपडे विणताना पुन्हा दहावर यायचे. वेळ असेल तर मी अंग क्रोशाने करते आणि कपडे सुयांवर, कारण ताठपणा हा शरीराचा गुण असला तरी स्वेटरचा दोषच आहे. क्रोशाचा कोट घातलेले अस्वल मला नेहमी नुकतेच इस्त्री करून आणलेल्या गणवेशातल्या हवालदारासारखे दिसते.

खरी अडचण पुढे येते आणि ती आहे डोक्याची. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याइतके असते. खेळण्याचे डोके मात्र तिसरा किंवा चौथा हिस्सा असते, कारण मोठे डोके आणि लहान अंग असले की ते आपल्याला गोड वाटते. कान सोडून ३० सेंटिमीटर उंचीचा ससा घेतला, तर त्याच्या डोक्याचा घेर २५, छातीचा २० आणि मानेचा जेमतेम १२ सेंटिमीटर भरतो. कपड्याचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. दहा सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, छातीला दोन सेंटिमीटर सैलसर सोडायचे असतील, तर २२ सेंटिमीटरला ५३ टाके होतात. दोन सुलट, दोन उलट टाक्यांची बॉर्डर नीट बसावी म्हणून ते ५४ करायचे. पण हा बेतशीर स्वेटर २५ सेंटिमीटरच्या डोक्यावरून, त्यातही दोन लांब कानांसकट, १२ सेंटिमीटरच्या गळ्यातून उतरवायचा कसा? गळा मोठा ठेवला तर तो खांद्यावरून घसरतो आणि लहान ठेवला तर मूल तो जोर लावून ओढते, मग स्वेटर तरी उसवतो किंवा कान तरी.

याचे उत्तर शोधायला कुठे लांब जावे लागत नाही, कारण आपल्या घरांतून ते पिढ्यान्‌पिढ्या विणले आणि शिवले गेले आहे. तान्ह्या बाळाचे डोकेही त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतके असते, मानही धरलेली नसते, आणि म्हणूनच झबले उघडे असते आणि नाडीने बांधले जाते. बाळंतविडा ज्यांनी कधी केला आहे त्यांना बाहुलीचे कपडे वेगळे शिकावे लागत नाहीत. झबले, टोपडे, मोजे, दुपटे हा सगळा सरंजाम माप लहान केले की सशाला, मांजराला, माकडाला जसाच्या तसा चालतो. बटणे पाठीवर ठेवून, पाठीचे दोन पदर वेगवेगळे विणून केलेला स्वेटर म्हणजे झबलेच. काज करायला तर काहीच लागत नाही: सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा आणि पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, की टाक्यांची संख्या तेवढीच राहते आणि मधे बटणापुरते भोक पडते. कडेला पाच-सहा टाके मात्र प्रत्येक ओळीत सुलटच विणावेत, कारण एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असे विणलेले कापड कडांना गुंडाळत जाते आणि काज नेमका त्या गुंडाळीत दडून बसतो.

सशाच्या टोपीचे काय करायचे, हा प्रश्नही बाळंतविड्यातल्याच एका वस्तूने सोडवला. कानांसाठी भोके ठेवलेली टोपी दिसायला छान असते, पण मऊ, लोंबते कान लहान भोकातून बाहेर काढणे हे चार वर्षांच्या बोटांचे काम नव्हे. कुंचीत मात्र कान मागे दुमडून पाठीवर सोडता येतात, डोके झाकले जाते, खांदे झाकले जातात, आणि हनुवटीखाली एक बटण लावले की काम संपते. लाल लोकरीची, काठाला पांढरी वेल काढलेली कुंची घातलेला ससा ज्यांनी पाहिला नसेल, त्यांना मी फक्त एवढेच सांगेन की तो बारशाला आलेल्या सगळ्या बाळांपेक्षा शहाणा दिसतो.

प्राण्यागणिक तक्रारी वेगळ्या. शेपटीवाल्यांची विजार मागच्या शिवणीत थोडी उघडी सोडावी लागते. ही सर्वांत सोपी युक्ती असून तिला वेगळे विणकाम लागत नाही. उंदराची शेपटीच मुळी गमतीची असते: दोन्हीकडे टोक असलेल्या सुईवर तीन-चार टाके घ्यायचे, ओळ संपली की काम न उलटता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे आणि पुन्हा सुलट विणायचे, की लोकर मागून ओढली जाऊन आपोआप गोल दोरी तयार होते. हत्तीला मान नसल्यासारखीच असते आणि पाय खांबासारखे असतात, त्यामुळे त्याला खांद्यावर पट्टे असलेली सैल विजारच शोभते. बूट सगळ्यांचेच निसटतात. घोट्याला बॉर्डर विणलेला मोजा त्यापेक्षा चांगला टिकतो. मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर बटणे, मणी, डोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या चकत्या यांतील काहीही लावू नये, कारण ते तोंडात जाते. डोळे काळ्या धाग्याने भरावेत, लांब नाड्या टाळाव्यात आणि कुंची डोक्यावरून सहज घालता येईल इतकी सैल ठेवावी.

कापडी प्राण्यांच्या इतिहासातही कपड्यांचा संबंध अगदी आरंभीच येतो, हे मला आवडते. जर्मनीतील गिंगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफ यांना बालपणी पोलिओ झाला होता, तरी त्या शिवणकाम शिकल्या आणि १८७७ मध्ये त्यांनी नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, कपड्यांचे दुकान काढले. नमद्याचे परकर ही त्यांची मुख्य विक्री होती. १८८० मध्ये त्यांनी त्याच नमद्याचा छोटा हत्ती केला, तो टाचण्या-सुया टोचून ठेवण्यासाठी. मुलांनी तो पळवला आणि खेळायला घेतला, आणि तिथून त्यांचा खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे १९०२ मध्ये त्यांच्या भाच्याने हातपाय हलणाऱ्या अस्वलाचा आराखडा केला. कापडी प्राण्यांची ही सुरुवात परकर शिवणाऱ्या बाईच्या हातून झाली, आणि त्या प्राण्यांना आज जगभरच्या बायका कपडे घालत बसल्या आहेत.

आपल्याकडे बाहुलीच्या कपड्यांचा प्रश्न बऱ्याच अंशी नेसवून सुटला होता. भातुकलीतली चिंध्यांची बाहुली असो की लाकडी ठकी, खणाच्या तुकड्याचे किंवा जुन्या लुगड्याच्या काठाचे वस्त्र तिला गुंडाळले जाई. डोके मोठे की लहान याचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि सोडले की ते निघत असे. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये उभारलेल्या बाहुल्यांच्या संग्रहालयात काचेआड देशोदेशीच्या बाहुल्या आहेत, त्यांचे पोशाख डोळ्यांचे पारणे फेडणारे आहेत, पण तिथे पोशाख हीच बाहुलीची ओळख असते; तो काढला तर तिचा देशच हरवेल. घरातल्या सशाचे उलट असते. त्याचे अंगातले सगळे काढून टाकले तरी तो तोच ससा राहतो, आणि म्हणूनच त्याला आज शेतकरी, उद्या डॉक्टर आणि परवा नवरदेव करता येते.

माझ्या थोरल्या बहिणीला हे सारे मान्य नाही. “अगं, शिवून टाक ते कपडे अंगालाच,” असे ती दर वेळी म्हणते, “पोरं चार दिवसांत हरवतात, मग तुझी मेहनत पलंगाखाली.” तिचे म्हणणे खोटे नाही. पहिल्यांदा हरवतात ते बूट, मग टोपी, आणि विजार बहुधा दुसऱ्याच प्राण्याच्या पायांत सापडते. “ताई, हरवण्यासाठीच वेगळे विणलेत,” असे मी म्हणते आणि ती हात जोडते. पण अंगाला शिवलेला कपडा एकदा मळला की सबंध प्राणी बादलीत जातो, पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस दोरीवर कानांनी लटकतो आणि त्याखाली बसून त्याचा मालक रडतो. निघणारा स्वेटर ॲक्रिलिकचा असेल तर रात्री पिळून पंख्याखाली टाकला की सकाळी तयार असतो, आणि मधल्या काळात ससा कुंचीवर भागवतो.

सगळ्या प्राण्यांची धडे एकाच मापाची करून डोकी तेवढी वेगळी विणावीत, म्हणजे कपड्यांची अदलाबदल होते, हे आता मी जवळजवळ नियमाने पाळते. यात हत्ती बसत नाही. हत्तीचे सगळे स्वतंत्र करावे लागते, आणि सध्या सुयांवर त्याचा पिवळा पावसाळी कोट आहे. पाठ आणि बाह्या झाल्या आहेत, पण पुढे काम अडले आहे, कारण बटणे पाठीवर घ्यावीत हे माझे म्हणणे हत्तीच्या मालकिणीला पटलेले नाही. “आजी, मागची बटणं त्याला त्याची त्याला कशी लावता येतील?” असे तिने विचारले आहे. तेव्हा ती पुढे घ्यायची, हे मी कबूल केले. आता सोंड आड येऊ नये म्हणून काज डावीकडे किती सरकवायचे, याचे माप घेणे चालू आहे.