दुसऱ्या लेमातली ‘उघड’ ओळ

तासाभराच्या सेमिनारचं पंचविसावं मिनिट. वक्त्यांनी दुसरा लेमा, म्हणजे मुख्य प्रमेयासाठी लागणारं सहायक विधान, लिहिला: आबेलियन ग्रुपांच्या (जिथे बेरीज-वजाबाकी करता येते आणि बेरजेचा क्रम बदलला तरी चालतो अशा संचांच्या) दोन साखळ्यांमधला मॅप प्रत्येक पायरीवर सर्जेक्टिव्ह (पलीकडचा प्रत्येक घटक गाठणारा), म्हणून इन्व्हर्स लिमिट (सगळ्या पायऱ्यांवर एकमेकांशी जुळणाऱ्या घटकांच्या माळांचा ग्रुप) घेतल्यावरही सर्जेक्टिव्ह. सिद्धतेच्या जागी एकच शब्द, ‘उघड’. मी विचारलं, “सर, कर्नलांचं काय?” कर्नल म्हणजे मॅप ज्यांना शून्यावर नेतो ते घटक.

“प्रत्येक पायरीवर प्रीइमेज निवडता येते की!” वक्ते म्हणाले. प्रीइमेज म्हणजे मॅप ज्याला त्या घटकावर नेतो तो अलीकडचा घटक. निवडता येते, खरंच. पण लिमिटमध्ये त्या निवडी एकमेकींशी जुळाव्या लागतात, आणि तिथेच घोळ होतो. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा उदाहरण मांडावं. शेजारच्या रिकाम्या फळ्यावर मी एका साखळीत प्रत्येक पायरीवर पूर्णांकांचाच ग्रुप घेतला आणि दुसरीत त्याचे मॉड्युलो ३, ९, २७, ८१ असे क्वोशंट, म्हणजे त्या त्या संख्येनं भागल्यावरच्या बाक्यांचे ग्रुप. प्रत्येक मॅप सर्जेक्टिव्ह. मग बाक्यांची माळ लिहिली: २, ५, १४, ४१... चौदाला ९ ने भागा, बाकी ५. एकेचाळीसला २७ ने भागा, बाकी १४. माळ सुसंगत, म्हणजे लिमिटमधला घटकच. पण प्रत्येकाची दुप्पट ४, १०, २८, ८२, म्हणजे ३ च्या त्या त्या घातापेक्षा १ ने जास्त. एखादा पूर्णांक क्ष ही माळ देत असेल, तर २क्ष − १ ला ३ चा प्रत्येक घात भागेल; म्हणजे २क्ष = १. असा पूर्णांक नाहीच!

वक्ते दोन मिनिटं फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच कर्नल लिहून काढले: ३ च्या पटी, त्यांच्या आत ९ च्या, त्यांच्या आत २७ च्या. पुढच्या कर्नलांच्या मागच्या कर्नलात पडणाऱ्या या प्रतिमा आकसतच जातात, कुठे थांबत नाहीत. थांबल्या असत्या तर मिटाग-लेफ्लर अट (प्रतिमांचं आकसणं कुठेतरी थांबलंच पाहिजे, ही) पाळली गेली असती आणि लेमा खरा ठरला असता. ही अटही जपून वापरावी लागते. ग्रुपांसाठी ती पुरते; पण तिच्यावर बेतलेलं, आबेलियन कॅटेगरींसाठीचं (आबेलियन ग्रुपांसारखेच नियम पाळणाऱ्या जास्त व्यापक रचनांसाठीचं) गणितज्ञ रूस यांचं १९६१ चं प्रमेय २००२ मध्ये गणितज्ञ नीमन यांच्या प्रतिउदाहरणानं खोटं ठरलं.

वक्त्यांच्या मूळ प्रश्नात गुणांक मर्यादित (म्हणजे मोजून संपणाऱ्या घटकांच्या) ग्रुपात घेतले की कर्नलही मर्यादित होत होते, आणि मर्यादित ग्रुपात उतरती साखळी कुठेतरी थांबतेच. ‘उघड’ पुसून त्यांनी तिथे ही एक ओळ लिहिली. मुख्य प्रमेयातले ‘पूर्णांक गुणांक’ खोडून ‘मर्यादित गुणांक’ केलं. पूर्णांकांचं विधान फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्हासह उतरवलं आणि उरलेल्या वीस मिनिटांत तिसरा लेमा पूर्ण केला.