फिसिकेलाचा पहिला विजय, पाच दिवस उशिरा

6 एप्रिल 2003 रोजी साओ पावलोच्या इंटरलागोस सर्किटवर झालेली ब्राझिलियन ग्रां प्री ही फॉर्म्युला वन मोटार शर्यत इटलीच्या जान्कार्लो फिसिकेलाने नशिबाने जिंकली, असे अनेकजण आजही म्हणतात. मला ते पटत नाही.

त्या वर्षीच्या नियमानुसार पावसासाठी एकाच प्रकारचे टायर आणता येत होते आणि ते मुसळधार पावसाचे नव्हते, त्यामुळे शर्यत सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांचा वेग आवरणाऱ्या गाडीच्या, मागेच सुरू करावी लागली. तिसऱ्या वळणावर तर ट्रॅकवरून आडवा ओढाच वाहत होता. माँटोया, बटन आणि खुद्द जगज्जेता मायकेल शूमाकर हे चालक तिथेच घसरून बाहेर गेले. फिसिकेलाच्या जॉर्डन संघाने त्याला अगदी सुरुवातीलाच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, बोलावून गाडीत भरपूर इंधन भरले. त्यामुळे तो मागे पडला खरा, पण पुढचे गडी एकेक करून बाद होत असताना त्याला पुन्हा थांबण्याची घाई नव्हती. बारिकेलोची फेरारी आघाडीवर असताना बंद पडली, कूल्टहार्ड पिटमध्ये गेला आणि 54व्या फेरीत रायकोनन जरासा चुकताच फिसिकेलाने त्याला मागे टाकले. ही आघाडी त्याने ट्रॅकवर मिळवली होती, कागदावर नव्हे.

थोड्याच वेळात वेबरची जॅग्वार सरळ पट्ट्यावर भिंतीवर आदळली, तिच्या निखळलेल्या चाकावर अलोन्सो वेगात धडकला आणि लाल झेंडा दाखवून 71 फेऱ्यांची शर्यत थांबवण्यात आली. अशा वेळी दोन फेऱ्या आधीची स्थिती निकाल म्हणून धरत. अधिकाऱ्यांनी 53वी फेरी धरली आणि रायकोननला विजेता ठरवले. इकडे फिसिकेलाच्या उभ्या गाडीने पेट घेतला होता आणि तो विजयमंचाच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहिला. झेंडा दाखवण्यापूर्वी त्याने 56वी फेरी सुरू केली होती, म्हणजे निकाल 54व्या फेरीचा लागायला हवा होता, हे नंतर लक्षात आले आणि 11 एप्रिलला पॅरिसमध्ये एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेने विजय त्याच्या नावावर केला. वेळ मोजणाऱ्या यंत्रणेकडून अशी गफलत व्हावी, हे मला अजूनही अक्षम्य वाटते.

पुढच्या शर्यतीच्या वेळी इटलीतल्या इमोलाला रायकोननने करंडक फिसिकेलाच्या हाती दिला. जॉर्डन संघाचा हा चौथा आणि अखेरचा विजय ठरला. फिसिकेलाला मात्र विजेत्याच्या पायरीवर उभे राहायला 2005च्या मेलबर्नच्या शर्यतीपर्यंत थांबावे लागले, तेही रेनॉच्या गाडीतून.