घासागणिक पाणी

भाकरीचा घास घेतला की लगेच पाण्याचा घोट घ्यायचा, ही सवय मला नेमकी कधी लागली हे सांगता येत नाही, पण ती सर्वांत आधी सासूबाईंच्या लक्षात आली हे पक्के आठवते. "अगं, घासागणिक पाणी पितेस, जेवण जाणार कुठे तुझं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा शाळेत दिवसभर बोलून घसा सुकतो, एवढेच मी म्हणाले. माझा त्या उत्तरावर विश्वासही होता. डोळे खुपतात ते खडूच्या धुळीने, सकाळी बोटे आखडतात ती वयाने आणि दुपारनंतर अंगातले त्राण जाते ते दगदगीने, असे प्रत्येक तक्रारीचे कारण मी आधीच ठरवून टाकले होते. या साऱ्या तक्रारी एकाच आजाराच्या आहेत, हे कळायला पाच वर्षे गेली.

त्या आजाराचे नाव शोग्रेन. ती पाच वर्षे वाया गेली याचे मला आजही वाईट वाटते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, दातांच्या डॉक्टरांनी एकामागून एक किडलेले दात भरले, एकांनी पाळी जाण्याचे वय झाले म्हणून समजूत घातली, तर आणखी एकांनी ॲलर्जी समजून गोळ्या लिहून दिल्या. ॲलर्जीच्या पुष्कळशा गोळ्यांनी लाळ आणखी कमी होते, हे मला फार उशिरा समजले. प्रत्येकाने आपापल्या भागापुरते पाहिले. डोळे, दात आणि बोटांचे सांधे एकाच वेळी कोणी विचारात घेतले नाहीत.

संधिवाततज्ज्ञांनी मात्र पहिल्याच भेटीत विचारले, "कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं का?" येत नव्हते, आणि ते कधीपासून थांबले याकडे माझे लक्षही गेले नव्हते. मग त्यांनी खालच्या पापणीच्या कडेला, टोक दुमडलेली कागदाची एक बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटे डोळे मिटून बसायला सांगितले. निरोगी डोळ्यात ही पट्टी बरीच ओली होते, आणि ओल पाच मिलिमीटरपर्यंतच पोचली तर ती अपुरी मानतात. माझ्या उजव्या डोळ्याची पट्टी दोन मिलिमीटर भिजली होती, डाव्याची तीन. त्या दोन पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या मला अजून दिसतात. मावशी गेली तेव्हा डोळ्यांची नुसती आग होत राहिली आणि पाणी आले नाही, या गोष्टीने मी वर्षभर स्वतःला दोष देत होते. त्याचे उत्तर त्या पट्ट्यांवर होते.

पुढे रक्तात 'रो' (Ro) नावाची प्रतिपिंडे, म्हणजे आपल्याच शरीरावर उलटलेली संरक्षक प्रथिने, सापडली आणि खालच्या ओठाच्या आतून, भूल देऊन, लाळेच्या चार-पाच इवल्या ग्रंथी काढून तपासायला पाठवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींचे पुंजके बसलेले दिसले. हा आजार असा असतो: बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पेशी आपल्याच अश्रुग्रंथींत आणि लाळग्रंथींत घुसतात, तिथे ठाण मांडतात आणि त्यांचे काम मंदावत नेतात. म्हणूनच ही कोरड म्हणजे तहान नव्हे. तहान पाण्याने भागते, पण पाणी लाळेची जागा घेऊ शकत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तोंडातील आम्ल सौम्य करते, दातांना कॅल्शियम पुरवते आणि जंतूंना आवर घालते. ती आटली की हिरड्यांच्या कडेने दात किडू लागतात, आणि नेमके तेच माझे झाले होते. मात्र तोंडाला कोरड पडणाऱ्या प्रत्येकाला हाच आजार असतो असे नाही. मधुमेहात आणि रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही औषधांनीही कोरड पडते, आणि ते आधी तपासले पाहिजे.

आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ. 1933 साली त्यांनी डोळे कोरडे पडलेल्या 19 स्त्रियांवर जर्मन भाषेत प्रबंध लिहिला. त्यांतील 13 जणींना सांधेदुखीही होती. डोळ्यांच्या डॉक्टरने रुग्णाच्या सांध्यांकडेही पाहावे, ही त्यांची दृष्टी मला फार मोठी वाटते. त्या प्रबंधाला चांगली श्रेणी मिळाली नाही, आणि 1943 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाल्यावर त्याकडे जगाचे लक्ष गेले. आजही दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या, आणि घरात काय किंवा दवाखान्यात काय, "थकलीस" हे उत्तर त्यांच्यासाठी तयारच असते. ख्यातनाम टेनिसपटू व्हीनस विल्यम्स यांनी 2011 मध्ये हाच आजार असल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्यालाही वर्षानुवर्षे निदान मिळाले नव्हते असे त्यांनी सांगितले होते.

हा आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. मी दिवसातून सहा वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालते, तेही परिरक्षक (औषध टिकवण्यासाठी घातलेली रसायने) नसलेले, कारण वारंवार वापरायच्या थेंबांतील परिरक्षकांनी डोळ्यांना इजा होते. लाळ वाढवण्यासाठी पिलोकार्पिनची गोळी आहे. तिने घाम सुटतो, पण जेवण होते. सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते. कोरडेपणावर तिचा फारसा उपयोग नाही, आणि ती चालू असताना नेत्रपटलाची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते. पंख्याचा झोत अंगावर घेत नाही, चिवडा आणि फुटाणे सोडले आहेत, आणि भाकरी आमटीत कुस्करूनच खाते. थकवा मात्र थेंबांनी जात नाही, आणि तो दिसतही नसल्यामुळे इतरांना पटवून देणे सर्वांत अवघड जाते.

ज्या मुलींच्या रक्तात 'रो' प्रतिपिंडे आहेत, त्यांनी गरोदरपणाआधीच डॉक्टरांना ते सांगावे, असे मी आवर्जून लिहिते, कारण ती प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि शंभरांत एक-दोन वेळा बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. काही रुग्णांच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन पोटॅशियम इतके उतरते की हातापायांतली शक्ती जाते. लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. बहुसंख्य रुग्णांना तो होत नाही, परंतु कानाखालची सूज ओसरत नसेल तर ती लगेच दाखवायची असते.

दर सहा महिन्यांनी डॉक्टर माझ्या कानाखाली आणि मानेला बोटांनी चाचपून पाहतात, रक्त आणि लघवी तपासायला पाठवतात. या वेळी पोटॅशियम ठीक आले आणि गाठ कुठे लागली नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.