आमची वाटचाल : भोंग्यापासून मोजलेल्या वॅटपर्यंत

ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात बाबांनी १९९४ साली माइकचा धंदा सुरू केला. सामान म्हणजे दोन भोंगे, साठ वॅटचा एक अॅम्प्लिफायर, एक कॅसेट प्लेअर आणि ट्रकची जुनी बॅटरी. लग्न, भागवत सप्ताह, पोळा, एवढीच कामं. भोंगे १०० व्होल्टच्या लाइनवर चालायचे. सगळ्या भोंग्यांच्या टॅपांची (भोंगा किती वॅट घेणार ते ठरवणाऱ्या जोडण्यांची) बेरीज अॅम्पच्या वॅटपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही, हा एकच हिशेब बाबांनी शिकवला होता. तो पाळला की अॅम्प वर्षानुवर्षं जळत नसे.

२००५ मध्ये आम्ही कर्ज काढून स्पीकरच्या पेट्या घेतल्या, त्या झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाच्या, नाटकांसाठी. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागते, धान कापलेल्या बांधीत स्टेज उभं राहतं, आणि होळीपर्यंत गावोगावी नाटकं चालतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेला संपतं. ज्या माणसाने दिवसभर धानाचे भारे वाहिले, तो जमिनीवर बसून शेवटच्या अंकापर्यंत जागतो. त्याला संवाद नीट ऐकू आला पाहिजे, ही जबाबदारी मला तेव्हाही मोठी वाटायची, आजही वाटते.

पहिल्याच हंगामात घात झाला. पेट्या ५०० वॅटच्या, अॅम्प चॅनलला २५० वॅटचा. मशीन लहान आणि पेटी मोठी, म्हणजे पेटीला धोका नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मागच्या रांगेतून निरोप येत होते, "आवाज कमी येऊन राहिला जी, वाढवा ना भाऊ." मी वाढवत गेलो. अॅम्पची ताकद संपल्याचं सांगणारा लाल दिवा पहिल्या अंकापासून सतत पेटलेला होता. दुसऱ्या अंकातल्या लावणीत एका पेटीचा टॉप, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा भाग, गेला, थोड्या वेळाने दुसरीचाही. उरलेलं नाटक घुमणाऱ्या बेसवर आणि एका भोंग्यावर काढलं. मंडळाने अर्धे पैसे कापले. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टॉपचे ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) उघडले. दोन्हींची कॉइल काळी पडून तुटली होती. लहान मशीनने मोठी पेटी कशी जाळली, हे समजायला मला दोन वर्षं लागली. अॅम्पच्या आतला पुरवठा जेवढ्या व्होल्टचा, त्यापेक्षा उंच तरंग तो देऊ शकत नाही. आणखी वाढवलं की तरंगाचा माथा कापला जाऊन चपटा होतो. पूर्ण चपटा झालेला तरंग त्याच उंचीच्या गोल तरंगाच्या दुप्पट वॅट देतो. म्हणजे माझा २५० चा अॅम्प रात्रभर ५०० च्या जवळ ढकलत होता. त्यातही बेस आधीच छताला टेकलेला, त्यामुळे पुढची सगळी वाढ वरच्या स्वरांत गेली. शिवाय कापलेल्या माथ्यातून नवे तीक्ष्ण स्वर तयार होतात, तेही टॉपवरच येतात. पेटीवर ५०० लिहिलेलं असलं, तरी आतला टॉपचा ड्रायव्हर जेमतेम साठ वॅटचा होता. स्पीकरला दिलेल्या शंभर वॅटमधले दोन-चार वॅटच आवाज होतात, बाकी उष्णता म्हणून कॉइलमध्येच राहतात.

तेव्हापासून छापील आकडा आम्ही मोजल्याशिवाय मानत नाही. दुकानात आठ ओहमचा वायर-वाउंड रेझिस्टर आणि जुना ऑसिलोस्कोप आहे. एक किलोहर्ट्झचा गोल तरंग देऊन माथा चपटा व्हायच्या क्षणी आरएमएस व्होल्ट (माथ्याचे नव्हे, प्रभावी व्होल्ट) बघायचे. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, झाले वॅट. पुढ्यावर ५०० लिहिलेल्या एका मशीनने ४० व्होल्ट दिले, म्हणजे २०० वॅट. तेच चार ओहमवर ३६ व्होल्ट, म्हणजे ३२४. छापील आकडा कुठल्या ओहमवरचा आणि किती वेळाचा, हे पुढ्यावर कुठेच नव्हतं.

घरी वापरायच्या संचांवरचा पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल वॅटचा जाहिरातीतला आकडा, तर मनातून काढूनच टाका. त्याला ठरलेलं एक माप नाही. "भाऊ, हजार वॅट आहे ना जी?" असं विचारत कोणी आलं, की मी त्याच्यासमोर अॅडॉप्टर उलटा करतो. बारा व्होल्ट, दोन अँपिअर. चोवीस वॅट आत गेले, तर बाहेर हजार सतत कुठून येणार? लोकांना हे लगेच पटतं. विजेचं बिल भरणाऱ्याला वॅट कळतो.

आता आमच्या ५०० वॅट आरएमएसच्या (सतत पेलता येणाऱ्या) आठ ओहम पेट्यांवर ८०० चा अॅम्प असतो, पण लिमिटर (व्होल्ट मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) ६३ व्होल्टला, म्हणजे ५०० वॅटच्या आसपास, लावून. बेसला ३५ हर्ट्झखालचं कापतो, कारण पोर्टच्या (पेटीच्या हवेच्या भोकाच्या) ट्यूनिंगखाली कोनला (स्पीकरच्या पडद्याला) आतल्या हवेचा आधार राहत नाही आणि तो बेफाम हलून फाटतो. जळका वास आला तर जादा वॅट, वास नाही पण स्पायडर (कोनला मध्ये धरून ठेवणारी जाळी) फाटलाय तर जादा हालचाल. मेलेला स्पीकर हातात घेतला की कारण त्याच्यातच सापडतं. जनरेटर आधी सुरू करायचा, व्होल्टेज मोजायचं, मग मिक्सर आणि शेवटी अॅम्प. बंद करताना अॅम्प आधी. दुरुस्त केलेलं मशीन प्रथम सिरीज बल्बवर (वीज आधी एका बल्बमधून घेऊन), आणि आउटपुटला डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) नाही याची खात्री झाल्याशिवाय त्याला स्पीकर जोडायचा नाही. हा नियम माझ्या पोरांना तोंडपाठ आहे.

मागच्या रांगेसाठी आता मशीन वाढवत नाही. वॅट दुप्पट केले तर तीनच डेसिबल मिळतात, आणि मोकळ्या बांधीत अंतर दुप्पट झालं की सहा जातात. म्हणून मांडवाच्या मध्यावर दोन लहान पेट्या, स्टेजचा आवाज तिथे पोचायला लागतो तेवढा थोडा उशीर देऊन, लावतो. त्यांची वायर टाकायला माझी मुलगी सगळ्यांत आधी पोचते. प्रत्येक अॅम्पवर मोजलेले वॅट खडूने लिहिण्याचं कामही तिचंच आहे.