डॅव्हनपोर्टला बघितलेलं कापलेलं मडगार्ड

एका मोटरसायकलचं मागचं मडगार्ड बघून मला भरून आलं, हे बायकोला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

लेबर डे, म्हणजे सप्टेंबरातल्या इथल्या कामगार दिनाचा वीकेंड. आम्ही तिघं, मी, बायको आणि आमची अकरा वर्षांची मुलगी, शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टला गेलो. इंटरस्टेट 88 ने अडीच-तीन तास, दोन्ही बाजूला नुसता मका. मग मिसिसिपी लागते, आणि उत्तरेकडून दक्षिणेला जाणारी ती नदी नेमकी या गावापाशी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, त्यामुळे संध्याकाळी सूर्य सरळ तिच्या पात्रात बुडताना दिसतो. हे मात्र बघण्यासारखं. मोटेलबद्दल काय सांगू, दोन महिने आधी बुक केलेली खोली, लाँग वीकेंडचे दुप्पट पैसे, आणि आत सिगरेटचा वास. रात्रभर खिडकी उघडी ठेवून झोपलो. शुक्रवार असाच गेला, पिझ्झा मात्र छान होता, इथे तो कात्रीने लांब लांब पट्ट्या कापून देतात, मुलगी खूश.

आम्ही गेलो होतो मिसिसिपी व्हॅली फेअरग्राउंड्सवर, अँटीक मोटरसायकल क्लब ऑफ अमेरिकाच्या मेळाव्याला. हा क्लब 1954 पासूनचा आहे, 35 वर्षांच्या पुढची गाडी असेल तर त्यांच्या हिशोबात ती अँटीक. मैदानभर ताडपत्र्या अंथरून लोक जुने पार्ट विकत बसलेले, गंजलेल्या टाक्या, पितळी लिंकर्ट कार्ब्युरेटर, डब्यातले नटबोल्ट. आपल्याकडच्या जुन्या बाजाराची आठवण येते, फक्त इथे कोणी ओरडत नाही, घासाघीसही अगदी हळू आवाजात. आणि सगळे बोलतात! मी कोण, कुठला, गाडी आहे का नाही, काही न विचारता समोरचा माणूस खुर्ची सरकवून देतो आणि गिअरबॉक्स उघडून दाखवायला लागतो. माझ्या ऑफिसातल्या लोकांनी दहा वर्षांत एवढ्या आपुलकीने काही सांगितलेलं मला आठवत नाही.

तिथे एका ताडपत्रीवर हार्लेची न कापलेली अख्खी मडगार्डं मांडली होती आणि त्यांच्या किमती ऐकून मी दोनदा विचारलं. कारण सोपं आहे. हीच मडगार्डं एकेकाळी पोरं कापून भंगारात टाकत होती. 1934 मध्ये अमेरिकेत क्लास सी नावाच्या रेसिंगचे नियम आले, म्हणजे रस्त्यावर चालवायची गाडी घेऊनच रेसला यायचं, मग पोरं पुढचं मडगार्ड, दिवे, जे जे जड असेल ते उतरवून पळवायची. महायुद्ध संपल्यावर परत आलेल्या सैनिकांनी तेच घरच्या गाड्यांना केलं. पुढचं मडगार्ड काढायचं, मागचं आखूड करायचं, एक सीट ठेवायची, झालं. त्याला बॉब-जॉब म्हणायचे, त्यावरून बॉबर. आपण केसांचा बॉबकट म्हणतो ना, शब्द तोच. फ्रेमला हात लावायचा नाही, पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरणारा फोर्क, लांब करायचा नाही, ते करणारे चॉपरवाले नंतर आले.

पण पुढे कित्येक वर्षांनी ज्यांनी या गाड्या रेस्टोर केल्या त्यांना हे कापलेलं काही नको होतं. कंपनीतून आली तशीच गाडी पाहिजे, तोच रंग, तेच स्क्रू. किती बॉबर असे परत सरळ केले गेले असतील देव जाणे. बऱ्याच उशिरा या क्लबने पिरियड मॉडिफाइड म्हणून वेगळा वर्ग केला, म्हणजे त्या काळात, त्या काळच्या भागांनी आणि पद्धतीने बदललेल्या गाड्याही आता मान देऊन तपासतात. मला हे फार योग्य वाटतं. फॅक्टरीत काय झालं तेवढाच इतिहास नसतो, विकत घेतल्यावर माणसाने घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये काय केलं तोही असतो.

शनिवारी दुपारी एका झाडाखाली ती गाडी दिसली. 1946 ची हार्ले, 61 क्यूबिक इंच म्हणजे हजार सीसीचं नकलहेड इंजिन, मूठ आवळल्यावर बोटांचे सांधे दिसतात तशी वरची झाकणं म्हणून ते नाव. पुढे स्प्रिंगचा चिमटा, मागे शॉकअपच नाही, काळा रंग टाकीवर गुडघे लागून लागून उडालेला. शेजारी पंचाहत्तरच्या आसपासचे एक आजोबा फोल्डिंग खुर्चीत. त्यांच्या वडलांनी युद्धावरून आल्यावर घेतली होती, आणि दोन वर्षांत कापली. या गाड्यांच्या मागच्या मडगार्डला बिजागरी असते, चाक काढायला सोपं जावं म्हणून, त्यामुळे बरेच जण नुसतं शेपूट सोडवून ठेवायचे. यांच्या वडलांनी त्याच्याही वर हॅक्सॉ ब्लेड चालवलं होतं.

मी वाकून बघितलं तर कापलेली कड सरळ नाही. एका बाजूला अर्धा इंच उतरलेली. रंगाखालून कानशीचे तिरके ओरखडे दिसतात. मी बोट फिरवायला गेलो आणि थांबलो, तर तेच म्हणाले, लाव लाव हात. मग म्हणाले, "बाबा डावखुरे होते, करवत तिकडे जायची." बस एवढंच.

मुलीने विचारलं तुमच्या बाबांनी ओरडा खाल्ला का, नवीन गाडी कापली म्हणून. ते खूप हसले, म्हणाले माझे आजोबा दोन आठवडे बाबांशी बोलले नव्हते. मग तिच्यासाठी उठले, पेट्रोलचा कॉक उघडला, चोक लावला, इग्निशन बंद ठेवून दोन किका मारल्या, डाव्या मुठीने स्पार्क मागे घेतला, इग्निशन चालू करून परत किक, आणि सुरू. त्या वयात! क्लच पायात, गिअरचा दांडा टाकीला, हे सगळं तिला दाखवलं आणि तिचा हात त्या कडेवर ठेवला, पत्रा थरथरत होता, आणि मला तिथून जरा बाजूला जावं लागलं.

कारण आमच्या मामांची बीएसए मोटरसायकल. एम 20, 500 सीसीची साईड वॉल्व्ह, लष्कराची डिस्पोजलची गाडी, युद्धासाठी लाखावर बनल्या होत्या, त्यातली एक फिरत फिरत सांगलीकडच्या आष्ट्याजवळच्या मळ्यात आलेली. पावसाळ्यात काळ्या रानात मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये चिखल बसायचा, चाक जाम. मामांनी एका जूनमध्ये पुढचं मडगार्ड काढूनच टाकलं आणि मागचं अर्धं कापलं. बॉबर हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नसेल. कापल्यावर कड बोचू नये म्हणून सायकलची जुनी ट्यूब चिरून तिच्यावर बसवली होती, मी मागे बसायचो ना म्हणून.

1998 ला गाडी विकली. घेणाऱ्याने ती सुंदर रेस्टोर केली, नवीन मडगार्डं, लष्करी हिरवा रंग, टाकीवर पांढरा तारा. एका रॅलीत मी तिच्याजवळ उभा राहून फोटो काढून घेतला आणि मामांना दाखवला. मामांनी फोटो बराच वेळ बघितला, छान आहे म्हणाले, आणि परत दिला. तेव्हा मला कळलं नव्हतं. मामा 2011 ला गेले.

आता कंपन्याच बॉबर बनवून विकतात, जावाची पेराक झाली, एन्फील्डची गोअन क्लासिक आली, चालवायला चांगल्या असतीलही, पण त्या कडेला कुणाचा हात डावा होता का उजवा हे दिसणार नाही.

संध्याकाळी सातला मोटेलवरून मामीला फोन केला, तिकडे रविवारची पहाट, साडेपाच, ती उठलेलीच असते. म्हटलं मामी, गाडी विकली तेव्हा जुनं मागचं मडगार्ड त्या माणसाने नेलं का गं?

"न्हाई नेलं," मामी म्हणाली, "त्ये पालथं करून कोंबड्यास्नी पाणी ठेवत हुते की मी. लई वर्सं."

"आणि आता?"

"आता कोंबड्याच न्हाईत बाळा. गोठ्याच्या मागं असंल तर असंल. उजाडू दे, बघते."