फलाटावरचा हाफ पाइंट

इंग्लंडमधल्या यॉर्कला उतरलो आणि स्थानकाबाहेर न पडता थेट तिथल्याच यॉर्क टॅप या पबमध्ये शिरलो. 1907 सालची चहाची खोली, रंगीत काचांचे घुमट, मधोमध गोल बार आणि त्यावर बिअर ओढायचे वीसेक हातपंप. पहिला घोट घेताच बायको म्हणाली, ''अहो, ही गार नाहीये!'' तशीच असते. कास्क बिअर पिंपातच शेवटची आंबते, त्यात वरून गॅस भरत नाहीत आणि ती तळघराच्या गारव्याला, म्हणजे 11 ते 13 अंशांना देतात. आपल्याकडच्या बर्फगार बाटलीत जी चव कळत नाही, ती इथे कळते.

पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपायला हवं, म्हणून पंप मोजू नका, गर्दी बघा. चार पंपांचा गजबजलेला बार बारा पंपांच्या ओसाड बारपेक्षा बरा. घोटभर चाखायला मागितली तर सहसा देतात. पूर्ण पाइंट 568 मिलीचा, त्यामुळे दिवसभर फिरायचं असेल तर हाफच घ्या. टेबलावर कोणी विचारायला येईल म्हणून वाट पाहू नका (आम्ही दहा मिनिटं पाहिली!), काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे.

तिकिटाचं मात्र आधी बघा. स्वस्तातल्या 'अ‍ॅडव्हान्स' तिकिटावर मध्येच उतरता येत नाही. गर्दीच्या वेळा सोडून वापरायच्या 'ऑफ-पीक'वर बहुधा येतं, तरी अटी वाचा. लीड्स–मँचेस्टर मार्गावर ड्यूजबरी, हडर्सफील्ड, स्टेलिब्रिज असे स्थानकातलेच पब ओळीने आहेत, पण शनिवारी दुपारी तिथे लग्नाआधीच्या पार्ट्यांची टोळकी असतात. आम्ही मंगळवारी गेलो. वाटेतल्या Slaithwaite चा स्थानिक उच्चार 'स्लाउइट' आहे, हे आम्हाला शेजारच्या आजोबांनी हसत हसत सांगितलं.

सगळ्यांत आवडला तो स्टेलिब्रिजचा बफे बार. 1885 पासूनचा, संगमरवरी काउंटर, शेकोटी, भिंतींवर जुनी रेल्वेचित्रं. इथे ब्लॅक पीज मिळतात, म्हणजे उकडलेले काळपट वाटाणे, वर व्हिनेगर. फोडणी नाही, कांदा नाही, तरी कडवट बिअरबरोबर उसळीसारखेच संपतात. शेफील्ड स्थानकातला शेफील्ड टॅप पुढच्या खेपेला ठेवलाय. तिथे तर जुन्या भोजनगृहातच बिअर तयार करतात.

स्टेलिब्रिजच्या बारचं दार फलाटावरच उघडतं, म्हणून निवांत बसलो आणि आमची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. मग वाटाण्यांचा दुसरा कप मागवला.