गोण्यांचा हिशेब

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. पण इतिहासाच्या तासाची आठवण सांगण्यापेक्षा त्या तासाची रीतच लिहून ठेवलेली बरी, म्हणजे आज त्याच वर्गात शिकवणाऱ्यांना ती उचलता येईल. इतिहासाच्या सरांचे म्हणणे एवढेच असे: सनावळी पाठ करायची नाही, काढायची. आणि लढाई सांगायची तर आधी दाणावैरण, तलवार मागाहून.

सन काढायची सुरुवात शकापासून. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तिथेच निम्मा वर्ग चुकतो. इंग्रजी वर्ष पौषाच्या आसपास बदलते. म्हणून माघ-फाल्गुनातल्या तिथीला ७९ मिळवायचे, आणि पौष असेल तर तिथी बघून ठरवायचे. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. नुसते ७८ मिळवणाऱ्याचा शिवजन्म १६२९ मध्ये जातो. ७९ मिळवले की १६३० येते. पुढचा घोळ तारखेचा. १९ फेब्रुवारी ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगातली तारीख. सतराव्या शतकात दोन्ही पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते, त्यामुळे नव्या पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३०. दोन्ही तारखा बरोबर आहेत. चूक होते ती एकाच कालरेषेवर अर्ध्या तारखा जुन्या आणि अर्ध्या नव्या टाकल्याने.

मराठेशाहीच्या कागदांवर मात्र बहुधा शुहूर सन असतो आणि तोही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सल्लास तीन. सितैन साठ, सबैन सत्तर. मया शंभर, अलफ हजार. वाचायचे एककापासून. 'इहिदे सितैन मया अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, झाले ११६१. हे वर्ष मृग नक्षत्र लागताना बदलते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारीची, म्हणून ११६१ + ६०० = १७६१. याच लढाईची दुसरी तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. तिच्यात ७९ मिळवा, तेच वर्ष येते. दोन वाटांनी एकाच मुक्कामी पोचल्याशिवाय सर पुढे सरकत नसत.

जाता जाता: पानिपत ऐन संक्रांतीला झाले असे आपण सर्रास म्हणतो. संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १२ जानेवारी १८६३ ला विवेकानंद जन्मले तेव्हा संक्रांत होती. त्याच्या शंभर वर्षे आधी ती १० जानेवारीच्या आसपासच येणार. 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार म्हणून ठीक आहे, उत्तरपत्रिकेत नको.

आता पानिपत. नकाशावर यमुना, दिल्ली, बागपत, पानिपत आणि कुंजपुरा एवढीच नावे काढायची. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. इथे पोरांना विचारायचे, रसद आता कुठून येणार? मग फळ्यावर गोण्या.

लाख माणूस धरूया, बाजारबुणगे आणि यात्रेकरू मिळून. माणशी रोज अर्धा किलो धान्य म्हणजे ५०,००० किलो. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंच्या गोण्या मिळून १२५ किलो धरले तर रोज ४०० बैल. घोडी पन्नास हजार धरा, घोड्याला दोन किलो चंदी. म्हणजे एक लाख किलो, आणखी ८०० बैल. रोजचे १२०० बैल झाले, आणि यात वैरण धरलेलीच नाही. १ नोव्हेंबर ते १४ जानेवारी असे ७५ दिवस मोजले की नव्वद हजार खेपा. कुणीतरी हात वर करतेच: 'सर, बैल काय खाणार?' हा प्रश्न आला की धडा जमला. माणसापेक्षा घोडा चौपट वजनाचे धान्य खातो, म्हणून उपासमारीत आधी घोडदळ पायउतार होते, हे न सांगता कळते. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले याचा अर्थही तेव्हाच लागतो, कारण गंगा-यमुनेच्या दुआबात अब्दालीची रसद तोडण्याचे काम त्यांच्याकडे होते. 'भाऊंचे काय चुकले' हा निबंध त्यानंतरच द्यावा. आधी दिला की पोरे विश्वासरावांना गोळी लागली आणि भाऊ हत्तीवरून उतरले, एवढ्यावर आवरते घेतात.

यात एक धोका आहे. धरलेला आकडा दोन दिवसांत इतिहास होऊन बसतो. त्यावर सरांचा नियम होता: कागदपत्रांतून आलेले शाईने, आपण धरलेले पेन्सिलीने. १४ जानेवारी शाईने. लाख माणूस पेन्सिलीने.

पहिले महायुद्ध आले की कूत, म्हणजे आजच्या इराकमधले तुर्कांनी वेढलेले गाव. पुस्तकात हे नाव बहुधा नसते, पण ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तिथे अडकली आणि १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, शरणागती २९ एप्रिल १९१६ ला. दोन्ही दिवस धरून मोजा. उत्तर १४५. ज्याचे १४४ आले तो लीप वर्ष विसरला. पुष्कळ पुस्तकांत १४७ असते, ते ५ डिसेंबरपासून मोजले की येते. शरणागतीच्या पाच दिवस आधी 'जुलनार' नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन तैग्रिस नदीतून निघाली आणि वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. ती पोचली असती तर? तेरा हजार माणसे, पानिपतचाच अर्धा किलो, उत्तर ४१ दिवस. पण कूत गावात सुमारे सहा हजार रहिवासीही होते. ते धरले की २८. वेढ्याच्या गणितात गाव विसरणे ही सगळ्यांची चूक, मोठ्यांचीही. शिवाय हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी घोड्याचे मांस बरेच दिवस नाकारले. त्यामुळे त्यांची पोटे आधी खपाटीला गेली आणि स्कर्व्ही पसरला.

पलटणींचे क्रमांक १९२२ मध्ये बदलले, तिथे धागा तुटतो. १०३ ची पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी. म्हणजे १० जुलै १९४४ ला इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे कूतमधल्या ११० च्याच वारसातले, आणि ९ एप्रिल १९४५ चे नामदेव जाधव १०३ च्या.

शेवटचे काम गावच्या शिळेचे. सातारा जिल्ह्यात बऱ्याच गावी चावडीजवळ किंवा देवळापाशी ती सापडते: या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले, १९१४ ते १९१९. युद्ध १९१८ ला थांबले, मग १९ का? व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. अक्षरे झिजली असतील तर सकाळी आठच्या तिरप्या उन्हात शिळेवर साधे पाणी शिंपडून फोटो घ्यावा. ऑइलपेंट भरू नये आणि अॅसिडने तर अजिबात घासू नये, राहिलेलेही जाते.

शिळेवर फक्त आकडा असतो. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत, संख्याच आहे. नावे आहेत ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत, आणि त्या आता संगणकावर शोधता येतात. आडनावाने शोधायला गेले की हाती काही लागत नाही, कारण कारकुनाने ऐकू आले तसे स्पेलिंग केलेले आहे. पलटणीच्या नावाने शोधावे. तेही ब्रिटिश धाटणीने, 'मराठा'मध्ये आर-आधी एच आणि पुढे दोन टी. मग बापाचे नाव, गाव, तालुका ताडून पाहायचे. गावाच्या नावाचेही चार अवतार भेटतात. जुळले ते नाव वहीत शाईने. नुसते वाटते ते पेन्सिलीने, आणि शिळेवरच्या आकड्याइतक्या ओळी आधीच आखून ठेवायच्या.